निदानापुरते तात्या

पिंपळगाव बसवंतला मुंबई-आग्रा रस्त्याच्या दोन्ही अंगांना गॅरेजं आहेत आणि त्या सगळ्या गॅरेजांचा मिळून मंत्र एकच आहे : ‘खोलून बघू.’ गाडी धूर मारते? खोलून बघू. चढाला ओढत नाही? खोलून बघू. एका शेतकऱ्याला आपली जुनी पिकअप विकायची होती. किंमत काय येईल, एवढंच विचारायला तो एका फिटरकडे गेला. फिटरने बॉनेट वर केलं, हनुवटी खाजवली आणि म्हणाला, ‘‘खोलून बघू.’’

तात्यांच्या शेडमध्ये हे दोन शब्द उच्चारायची सोय नाही. कुणी चुकून उच्चारलेच, तर तात्या त्याच्याकडे असं बघतात, की त्याने इंजिनाऐवजी तात्यांनाच खोलायचं सुचवलं असावं. ‘‘खोलल्यावर बघायला काय उरतं? इंजिन उरतं का? सुटे पार्ट उरतात. जिवंतपणी बोलत होतं तेव्हा ऐकलं नाही, आणि आता मेल्यावर त्याची जबानी घेताय!’’

तात्या एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. अंगाने काटकुळे, बोलणं मोजकं आणि कपडे पांढरेशुभ्र. या कपड्यांपाशी नवं गिऱ्हाईक हमखास अडखळतं. ज्याच्या बाहीला ऑइलचा डाग नाही, त्या मिस्त्रीच्या हातात गाडी द्यायची कशी? पण तात्यांच्या हातात गाडी द्यायचीच नसते, कानाशी द्यायची असते. पान्याची कामं बारक्या करतो. बारक्या चाळिशीला टेकलाय, त्याचं पोट स्टिअरिंगला लागतं, पण तो शेडमध्ये आला तेव्हा बारका होता आणि तात्यांनी त्याचं तेव्हा केलेलं निदान अजून बदललेलं नाही.

तात्यांचं स्वतःचं हत्यार एकच. हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. स्क्रू पिळण्याच्या कामी तो कधी आल्याचं कुणाला आठवत नाही. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाच्या भोकाशी धरायची आणि डोळे मिटायचे. इतक्या वर्षांत त्या मुठीचा शेंडा कानाच्या तेलाने सागवानी कपाटासारखा चकाकू लागला आहे. बारक्याने एकदा या स्क्रू ड्रायव्हरने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. तात्या त्याला काही बोलले नाहीत. पुढे आठवडाभर ते त्याच्याशी काहीच बोलले नाहीत.

आता हे सगळं वाचून असं वाटेल, की तात्या म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेले, गिऱ्हाइकांनी गजबजलेले मिस्त्री असणार. नावाजलेले आहेत. गजबजलेले नाहीत. कारण तात्यांना गाडी दुरुस्त करण्यात रस नाही. गाडीला काय झालंय हे कळेपर्यंत त्यांचा जीव त्या गाडीत असतो. जेवण विसरतात, चहा गार होतो, कुणी हाक मारली तर हातानेच ‘थांब’ म्हणतात. आणि ज्या क्षणी बिघाड सापडतो, त्या क्षणी तात्यांच्या चेहऱ्यावरचा दिवा जातो. मग ती गाडी शेडमध्ये आहे की विहिरीत, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

त्यांची स्वतःची एम-एटी याला साक्ष आहे. ती किकवर चालू होत नाही. तात्या तिला रोज सकाळी घराकडच्या उतारावर नेतात, थोडं पळतात आणि उडी मारून बसतात. या वयात ते दृश्य जिवाला घोर लावणारं असतं. मी एकदा म्हटलं, ‘‘तात्या, तुमच्यासारख्या माणसाची गाडी अशी? काय झालंय तिला?’’

‘‘रिंगा गेल्यात,’’ तात्या म्हणाले. ‘‘सात-आठ वर्षं झाली.’’

‘‘मग टाका की नव्या.’’

‘‘टाकायच्या काय? कळलंय ना काय झालंय ते!’’

तर असे हे तात्या. त्यांचा कस लागतो तो थंडीत. निफाड तालुक्याची थंडी दरसाल पेपरात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, असे मथळे असतात. त्याच पहाटे तालुक्यातल्या जुन्या डिझेल गाड्या चार-चार माणसांच्या धक्क्यावर असतात, ही बातमी मात्र कुणी छापत नाही. अशाच एका सकाळी बापू आपली पिकअप घेऊन आले. घेऊन आले म्हणजे, एका ट्रॅक्टरने ती ओढून आणली आणि बापू आत स्टिअरिंग धरून, दुःखाच्या घरी जाताना बसावं तसं तोंड करून बसले होते.

महिंद्राची जुनी डीआय पिकअप. चार सिलिंडर, २५२३ सीसी. हौद्याला दोनदा वेल्डिंग, काचेवर ‘आईचा आशीर्वाद’, आणि मीटरवरचा किलोमीटरचा आकडा कधीकाळी दमून थांबलेला.

‘‘तात्या, सकाळी उठतच नाही,’’ बापूंनी सुरुवात केली. ‘‘उठली का पांढरा धूर मारू राहिली. सगळ्या अंगाने थरथर करती. अन् परवा वाशीला टोमॅटो टाकून येत होतो, तं कसाऱ्याचा घाट दुसऱ्या गिअरवर चढली. मागं निस्ते रिकामे क्रेट, तात्या! रिकामे!’’

तात्यांकडे येण्याआधी बापूंनी सगळी दैवतं केली होती. बॅटरीवाल्याने बघितलं आणि बॅटरी गेल्याचं सांगितलं. नवी टाकली. सेल्फचं काम करणाऱ्याने सेल्फ वाइंडिंगला दिला. नोझलवाल्याला नोझल गळताना दिसले. पंपवाल्याने पंप कॅलिब्रेशनला पाठवला. ज्याच्या दुकानात जे मिळतं, नेमकं तेच बापूंच्या गाडीला कमी पडत होतं. हे सगळं झाल्यावर गाडी पूर्वीइतकीच बंद होती, फक्त आता ती नव्या बॅटरीवर बंद होती. शेवटी रस्त्यापलीकडच्या फिटरने ऑइलने काळा झालेला हात बापूंच्या खांद्यावर ठेवून सांगितलं, ‘‘कॉम्प्रेशन बसलंय. फुल इंजिन करावं लागेल. लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं… खोलून बघू.’’ त्याने सांगितलेल्या खर्चाच्या आकड्यापुढे बापूंना रात्रभर झोप नव्हती.

तात्यांनी बॉनेटकडे बघितलंही नाही. ते बापूंनाच तपासायला बसले. धूर गाडी गरम झाल्यावर जातो का राहतो? ऑइल किती दिवसांनी घालावं लागतं? रेडिएटरचं पाणी कमी होतं का? सायलेन्सरवाटे फट्‌ फट्‌ असा आवाज येतो का? बापू उत्तरं देत गेले. मग तात्यांनी त्यांचा ठेवणीतला प्रश्न टाकला, ‘‘हे सगळं सुरू व्हायच्या आधी या इंजिनाला शेवटचा पाना कुणी लावला होता? आणि कशासाठी?’’

‘‘कुणीच नाही,’’ बापू म्हणाले. जरा जास्तच चटकन म्हणाले.

तात्यांनी नुसती मान हलवली. माणूस खोटं बोलला की तात्या रागावत नाहीत. तेही एक लक्षणच, असं धरून चालतात.

‘‘बारक्या, डिझेल बंद कर अन् सेल्फ मार.’’

डिझेल बंद ठेवून सेल्फ मारायचा म्हणजे इंजिन पेट घेत नाही, फिरतं फक्त. चारही सिलिंडर धड असतील तर एका मापात ठोके येतात, कारण प्रत्येक पिस्टन हवा दाबताना सेल्फला सारखंच अडवतो. बापूंच्या गाडीने ठोके दिले ते असे : ढुक्‌, ढुक्‌, ढुक्‌, सुर्रर्र. ढुक्‌, ढुक्‌, ढुक्‌, सुर्रर्र. चौथ्या ठोक्याच्या जागी सेल्फ मोकळाच पळत होता. तात्यांनी डोळे मिटले आणि मान डोलवली. सवाई गंधर्वच्या मांडवात पुढच्या रांगेत बसणारी माणसं समेवर अशी मान डोलवतात.

‘‘एक जण दम धरत नाही,’’ ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आता चांगलीच कळा आली होती.

बापूंना कॉम्प्रेशन म्हणजे नेमकं काय ते कळेना. तात्यांनी शेजारच्या पंक्चरवाल्या पोराकडून सायकलचा हातपंप मागवला, नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं आणि बापूंना पंप मारायला लावला. चांगला घाम काढला. मग पंपाचं खालचं टोक धरायला सांगितलं. बापूंनी धरलं आणि सोडलं. ‘‘तापलंय!’’

‘‘हवा दाबली की तापते. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी टाकायला प्लग असतो. डिझेलच्या गाडीत काय असतं? काही नसतं. नुसती हवा अठरापट दाबायची. पाचशे अंशांच्या वर तापते. त्यात डिझेलचा फवारा मारला, की आपोआप भडका. आता हवाच गळाली तर ती तापणार कशी? अन् तापली नाही तर डिझेल पेटणार कशानं? न पेटलेलं डिझेल तुझ्या सायलेन्सरातून पांढरं होऊन चाललंय. त्यात थंडी. हवा आधीच गारठलेली, ऑइल घट्ट, सेल्फ हळू फिरतो, गळायला वेळ जास्त. बॅटरी काय करील त्याला?’’

बापूंनी नव्या बॅटरीकडे फसवलेल्या माणसाच्या नजरेने पाहिलं.

गाडी धक्का मारून चालू करण्यात आली. धक्का मारणाऱ्यांत मीही होतो. तात्यांच्या शेडमध्ये चहा प्यायला बसलेल्या माणसाला ही वर्गणी द्यावीच लागते. इंजिन थोडं गरम झालं तेव्हा तात्यांनी ऑइल भरायचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं, नुसतं ठेवलं. रिंगा आणि लाइनर झिजले असतील तर जळालेला गॅस पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या घरात उतरतो आणि या भोकातून भकाभका वर येतो. याला फिटर लोक ‘बॅक मारणं’ म्हणतात. बॅक मारणाऱ्या गाडीचं झाकण उडून पार बाजूला पडतं. बापूंच्या गाडीचं झाकण जागच्या जागी जरासं थरथरलं, इतकंच.

‘‘फुल इंजिन सांगणाऱ्यानं हे झाकण उलटं ठेवलं होतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग त्याला कळलं कसं?’’

‘‘तो म्हणाला, गाडी जुनी आहे.’’

‘‘जुना तर मीही आहे,’’ तात्या म्हणाले.

मग बारक्याने पाना घेतला. चालू इंजिनात एकेका नोझलला जाणाऱ्या पाइपचा नट जरा सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. धडधाकट सिलिंडर असेल तर इंजिन लगेच मान टाकतं. एक नंबर सैल केला, इंजिन अडखळलं. दोन नंबर, तेच. तीन नंबरचा नट सैल झाला आणि इंजिनाला त्याचा पत्ताच नव्हता. नोकरीवर न येणाऱ्या माणसाची रजा मंजूर केल्याने कचेरीत काय फरक पडणार! चार नंबरला पुन्हा अडखळलं. (हा प्रयोग जुन्या पंपाच्या गाड्यांपुरता. नव्या कॉमन रेल इंजिनात त्या पाइपातला दाब हजार बारच्याही पुढे जातो आणि तो फवारा कातडी फोडून आत शिरतो. तिथे तात्यासुद्धा बारक्याचा हात धरून मागे ओढतात.)

‘‘तीन नंबर,’’ तात्यांनी जाहीर केलं. पण तीन नंबर म्हणजे झाला पत्ता. आत कोण राहतं ते अजून कळायचं होतं. हवा रिंगांवाटे जाते, व्हॉल्व्हवाटे जाते की हेडच्या पॅकिंगवाटे, त्यावर बापूंचे किती पैसे जाणार ते ठरणार होतं.

इथे काकूंचा प्रवेश होतो. काकू शेडमागच्या घरातून एक गाठोडं घेऊन आल्या. जुन्या नऊवारीच्या तुकड्यात, आत पुन्हा रुमालात गुंडाळलेलं कॉम्प्रेशन गेज. खरं म्हणजे तात्यांना हे गेज फारसं लागत नाही. सुई कुठे थांबणार, ते त्यांना बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं. पण काकूंनी फार पूर्वी एक गोष्ट ओळखली. कान लावल्याचे पैसे मागितले तर लोक हसतात, काटा असलेलं घड्याळ लावल्याचे मात्र देतात. तेव्हापासून शेडमध्ये ‘गेज लावणे’ या सदराखाली कमाई होते आणि ती काकूंच्या वहीत जाते. दर सिलिंडरमागे. सहा सिलिंडरची गाडी आली की काकू जातीने बाहेर येतात.

चारही नोझल उतरवून, डिझेल बंद ठेवून, एकेका भोकाला गेज लावून सेल्फ मारला. धड डिझेल इंजिनाला साधारण पंचवीस ते तीस किलोचा दाब यायला हवा. एक नंबर २७. दोन नंबर २६. चार नंबर २७. आणि तीन नंबरला सुई १५ वर जाऊन जी बसली ती बसली. बापू सुईकडे भक्तिभावाने बघत होते. इतका वेळ तात्या तेच सांगत होते, पण ते आता कुठे बापूंना पटलं.

मी मध्येच माझं वाचन पाजळलं. म्हटलं, ‘‘तात्या, ज्याने हे इंजिन शोधलं तो रुडॉल्फ डिझेल, त्याने १८९३ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी घेतली, तेव्हा दाब मोजायला लावलेलं यंत्रच फुटलं. तुकडे उडाले. थोडक्यात वाचला.’’

तात्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. ‘‘त्याला गेजची काय गरज होती? गिऱ्हाईक आलं होतं का?’’

मग चमचाभर ऑइल तीन नंबरच्या भोकातून आत सोडलं. चमचाभरच, बारक्याचा हात सैल आहे म्हणून तात्या स्वतः चमचा धरतात. डिझेलच्या इंजिनात पिस्टन वर आला की डोक्यावर जागा एवढीशी उरते. ऑइल जास्त झालं तर ते हवेसारखं दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकवतं. त्याच्या आधी खोटा आकडा दाखवतं. ऑइलने रिंगांच्या फटी घटकाभर बुजतात. गळती तिथून असेल तर सुई चांगली वर चढते. बापूंची सुई १५ वरून १६ वर गेली आणि थांबली.

‘‘रिंगा नाहीत,’’ तात्या म्हणाले. आवाज जरा घोगरा झाला होता. ‘‘पोरा, तुझी हवा आण.’’

पंक्चरवाल्या पोराने कॉम्प्रेसरची नळी ओढत आणली. तात्यांकडे एका जुन्या नोझलचं पोट कोरून लेथवाल्याकडून करून घेतलेली जोडणी आहे. ती नोझलच्या जागी बसते आणि तिला हवेची नळी लागते. तीन नंबरचा पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणून ठेवायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर, चाकांपुढे-मागे विटा. नाही तर हवा सोडताच पिस्टन खाली ढकलला जातो आणि इंजिन फिरतं. आत हवा सोडली, की ती जिथून वाट सापडेल तिथून बाहेर पडणार. तेवढं ऐकायचं.

तात्यांनी माणसं नेमली. बारक्या एअर फिल्टरच्या पाइपाशी : तिथे फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह. बापू रेडिएटरचं झाकण काढून पाण्याकडे बघत : बुडबुडे आले तर हेडचं पॅकिंग. मी ऑइलच्या भोकाशी : वारा आला तर रिंगा, म्हणजे बापूंचं फुल इंजिन. काकू वही घेऊन मध्यभागी. ‘‘रस्त्यावरच्या गाड्या थांबवता आल्या असत्या तर बरं झालं असतं,’’ असं तात्या पुटपुटले. आग्रा रस्त्याबद्दल ते असं बोलू शकतात.

‘‘सोड.’’

हवा सुटली. मी भोकाशी कान लावला. अगदी मंद, कुणी झोपेत उसासा टाकावा इतकीच झुळूक. तेवढी नव्या इंजिनातही असते. बारक्याने मान हलवली, काही नाही. बापू पाण्यात डोळे घालून बसले होते. त्यांना तिथे स्वतःचं तोंड दिसत होतं, बुडबुडा एकही नाही. तात्या गाडीच्या मागे गेले. आणि त्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी, इस्त्रीच्या घडीसकट, ऑइल पिऊन काळ्या पडलेल्या मातीत गुडघे टेकून बसले. सायलेन्सरच्या तोंडाला त्यांनी कान लावला. नुसता जवळ नेला नाही, लावला. शेडमध्ये सगळे गप्प. तात्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. ते उठले तेव्हा त्यांच्या कानाभोवती काजळीचं गोल कडं उमटलं होतं.

‘‘तीन नंबरचा एक्झॉस्ट वॉल. सूं करतोय.’’ मग बापूंकडे वळून म्हणाले, ‘‘आता सांग. शेवटचा पाना कुणी लावला?’’

बापूंनी आजूबाजूला बघितलं. काकू समोरच होत्या म्हणून असेल, पण ते खरं बोलले. ‘‘ते… पोरीचा साखरपुडा होता. गाडी टिकटिक करायची. मंडळी म्हणाली, पाहुणे बसायचेत, काय टाइपरायटरसारखी वाजती! मग एका फिटरला म्हटलं, आवाज घालव. त्यानं दहा मिनिटांत घालवला. लई भारी केलं होतं त्यानं, तात्या. एकदम शांत!’’

बारक्याने वरचं कव्हर काढलं. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. ती मोजायला पातळ पात्यांचं फिलर गेज असतं. तीन नंबरच्या एक्झॉस्टला सगळ्यांत पातळ पातंही शिरेना. गाडी तापली की व्हॉल्व्हची दांडी वाढते. फट नसेल तर त्या वाढलेल्या दांडीला जायला जागा नसते, मग व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पुरता बसतच नाही, जरासा उघडाच राहतो. सीटला टेकल्याशिवाय तो गार होत नाही. त्यात भडक्याचा गॅस त्या फटीतून आरपार. महिन्या-दोन महिन्यांत कड जळून जाते. साखरपुड्याच्या पाहुण्यांना टिकटिक ऐकू आली नाही, तिची किंमत ही.

‘‘वाजणाऱ्या टॅपेटानं गाडी मरत नाही,’’ तात्या म्हणाले. ‘‘गप्प बसवलेल्या टॅपेटानं मरते.’’ हे त्यांचं निदानाचं अखेरचं वाक्य. त्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावरचा तो दिवा गेला. त्यांनी कान पुसला, सदऱ्यावरची माती बघून कसनुसं तोंड केलं आणि ते खुर्चीत जाऊन बसले.

‘‘तात्या, मग आता फुल इंजिन नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘हेड उतरवायचं? वॉल बदलायचा, सीट घासायची?’’

‘‘हं.’’

‘‘किती दिवस लागतील?’’

तात्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं. तिकडून एक ट्रॅक्टर येत होता आणि दर चार ठोक्यांनी चुकत होता. ‘‘बारक्या,’’ ते म्हणाले, ‘‘बापूंची गाडी पलीकडच्या फिटरकडे लावून ये. त्याला म्हणावं, आता खोल. काय बघायचंय ते लिहून पाठवलंय.’’

पैशांची बोलणी काकूंकडे. लाखाच्या घरातलं काम एका हेडवर आलं, म्हणून बापू आनंदात होते. पण तो आनंद वहीपर्यंत पोचला नव्हता. ‘‘काकू, एवढे कसे? खराब तर एकच निघाला. तीन नंबरचेच लावा.’’

‘‘चारही बघितले ना?’’

‘‘बाकीच्यांत काही निघालंच नाही की!’’

‘‘म्हणजे ते खराब निघाले असते तर दिले असते पैसे? खुशीनं?’’

बापूंनी थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘दिले असते.’’ आणि पिंपळगावात तात्या श्रीमंत का झाले नाहीत, याचं उत्तर या दोन शब्दांत आलं. फिटरने ‘खोलून बघू’ म्हणत इंजिनाचे दोनशे तुकडे अंथरले असते, तर बापूंनी त्या पसाऱ्याकडे बघून निमूट पैसे मोजले असते. काम दिसतं ना! इथे तर एक म्हातारा सायलेन्सरला कान लावून बसला होता. शेवटी काकूंनी एका सिलिंडरचे सोडले. उरलेल्या तिघांचे घेतले, त्यात दोन चांगलेच होते.

गाडी सुधारली. बापू आता पहिल्या सेल्फला उठवतात, कसारा तिसऱ्यावर चढतात आणि ज्याला त्याला तात्यांचं नाव सांगतात. तात्यांना मात्र त्यांची गाडी समोर उभी केली तरी आठवत नाही. ‘तीन नंबर एक्झॉस्ट’ म्हटलं की आठवते.

परवा बारक्या बाजार समितीतून आला तो हसतच. म्हणाला, बापू भेटले होते. टॅपेट बरोबर लावल्यामुळे गाडी पुन्हा टिकटिक करते. पोरीचं लग्न आलंय जवळ, घरातून भुणभुण चाललीय. तेव्हा बापू कुणाला तरी विचारत होते, दहा मिनिटांत आवाज घालवणारा तो फिटर हल्ली कुठे बसतो म्हणून.

काकूंनी काही न बोलता वही उघडली, एक कोरं पान काढलं आणि वर ‘बापू – गेज’ असं लिहून ठेवलं.

तात्यांनी डोळे न उघडता विचारलं, ‘‘लग्न कधीचं?’’

‘‘वैशाखात.’’

‘‘बारक्या, जाऊन सांग त्याला. तीन नंबर झालाय आपला. निदान या खेपेला दुसरा कुठला तरी जाळ म्हणावं.’’